मीठ विहिरीला देत नाहीत

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटातलं वळण... मी म्हणायचे, या भुतांना दुसरे कामधंदे नाहीत का? तेव्हा आता मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर आमच्या घरात किती हशा पिकलाय ते विचारू नका. हसू देत. मी असल्या गोष्टी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. खाली जे लिहिलंय त्यात भूत नाहीच मुळी. एक विहीर आहे, माझी साडेचार वर्षांची मुलगी आहे आणि मूठभर मीठ आहे.

मी बडोद्याची. माहेर कारेलीबाग, सासर वासणा. पाण्याचे प्लांट बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर आहे. खाऱ्याचं गोडं करणं हा माझा रोजचा धंदा — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेल्या हिवाळ्यात लक्षद्वीपमधल्या एका बेटावर प्लांट बसवायचं काम आलं. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाऊण तास, नारळच नारळ, आणि सगळे सगळ्यांना नावानिशी ओळखतात, एवढं पुरे. काम तीन आठवड्यांचं. माझा नवरा निनाद शिफ्ट ड्यूटीवाला, नेमकं तेव्हाच त्याच्या प्लांटमध्ये शटडाऊन. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला परदेशी. म्हणजे एक तर काम सोडायचं, नाहीतर रेवाला बरोबर न्यायचं. मी न्यायचं ठरवलं आणि जणू पोरीला विकायला काढल्यासारखे फोन सुरू झाले. रावपुऱ्यातल्या काकू, शेजारच्या हेमाबेन, ऑफिसातले दोघंतिघं... सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढ्याशा पोरीला घेऊन बेटावर? निनाद दर महिन्याला पंधरा दिवस रात्रपाळीला जातो, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की मुलीचं काय.

आई तर फोनवर रडायचीच बाकी होती.

"तुला फावेल का गं एकटीला? तिथे शाक-भाकरी मिळेल की नुसते मासेच?"

"आई, तिथे माणसं राहतात. त्यांचीही पोरं जेवतात."

निघायच्या दिवशी तिने निनादच्या हाती एक बाटली पाठवली. सरबताची जुनी काचेची बाटली, त्यात कारेलीबागच्या नळाचं पाणी उकळून गार केलेलं, झाकणाला वरून वायरिंगची काळी टेप. नवं पाणी पोरांना बाधतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस घरचं पाणी थोडं थोडं त्यात मिसळून द्यायचं — ही तिची पद्धत. आम्हाला प्रत्येक सहलीला तिने तेच केलं होतं. मला हसू आलं. पाण्याचा प्लांट बसवायला चाललेल्या बाईने पाण्याची बाटली न्यायची! तरी टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकली, कारण परत पाठवली असती तर आणखी एक फोन आला असता.

दीड दिवस ट्रेन, मग कोचीहून जहाज, मग होडी. उतरण्याची सोय शाळेतले एक शिक्षक, कोया सर, यांच्या घरी होती. पंचेचाळिशीचे, गंभीर, हिंदी त्यांच्या पद्धतीची पण स्पष्ट. घरात ते, त्यांची बायको आणि सत्तरीची आई. आईला सगळे उम्मा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. उम्माला हिंदी येत नव्हती आणि रेवाला तिची भाषा येत नव्हती, तरी पहिल्याच संध्याकाळी दोघी ओसरीवर बसून नारळाच्या झावळ्यांचे हिरवे पोपट करत होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या बेटाला माहीत झालं होतं की कोया सरांकडे गुजरातहून एक पोपटवाली पोर आलीय. जो तो तिला उचलून घ्यायचा, गालाला हात लावायचा.

मी पोचल्याबरोबर सवयीने नळाचं पाणी मोजलं होतं. खिशात मावणारं मीटर असतं, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते आकड्यात दाखवतं. चारशे दहा. पिण्याजोगं. पुढच्या अंगणात एक मोठी विहीर होती, तिचं सहाशे. मी गृहीत धरलं की नळाला पाणी त्याच विहिरीचं येतं आणि मध्ये गाळणी असेल. घराच्या मागे न्हाणीघराला लागून एक बुटकं दगडी कडं होतं, वर फळी, फळीवर झावळ्या. तो सांडपाण्याचा शोषखड्डा, हेही मीच ठरवलं. पाइप कुठून कुठे जातो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नये, यावरून मी नव्या पोरांना ऑफिसात किती झापते! ते जाऊ दे.

तिसऱ्या दिवशी रेवा किरकिर करायला लागली. जेवली नाही, झोपाळली. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल.

"नजर लागलीय तिला. एवढे लोक हाताळतात. दृष्ट काढ."

"आई, मी असलं काही करत नाही."

"तू नको करूस. मी सांगते, तुझे हात करतील. जा, मीठ-मोहऱ्या आण."

वाद घालायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी प्लांटचा पाया घालायचा होता. मी मूठभर मीठ, मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या आणल्या, मोबाइल उशीला टेकवला, आणि फोनमधून आई आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची म्हणत असताना रेवावरून तीनदा ओवाळलं. रेवा खिदळत होती. आता हे टाकायचं कुठे? आई म्हणाली चुलीत. इथे चूल नव्हती, गॅस होता, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मिरच्या जाळून सगळ्यांना खोकवायचं? आणि मुख्य म्हणजे कोया सरांनी पाहिलं असतं. त्याच दुपारी जेवताना मी त्यांना समुद्राचं पाणी गोडं कसं होतं यावर चांगलं अर्धा तास ऐकवलं होतं. मी गुपचूप मागच्या दाराने गेले, फळी सरकवली आणि मूठ शोषखड्ड्यात सोडून दिली. आईला सांगितलं, टाकलं. तिने कुठे ते विचारलं नाही.

सकाळी रेवाने दूध तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"खारट."

मी चव घेतली. दूध चांगलं होतं. पाणी दिलं — खारट. शहाळं — खारट. जहाजावर घेतलेली पाण्याची सीलबंद बाटली तिच्या समोर फोडली, एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला फसवतेय. लाड चाललेत असं वाटून मी जरा आवाज चढवला. तेवढ्यात आतून कोया सरांच्या बायकोचाही आवाज आला. तिने चहा ओतून दिला होता. नळाचं पाणी खरंच खारं झालं होतं.

मी मीटर लावलं. तीन हजार नऊशे चाळीस.

पुढच्या विहिरीला लावलं — सहाशे, जसंच्या तसं. मग मात्र मी पाइपाच्या मागे मागे निघाले. टाकीवरून खाली, भिंतीला लागून, न्हाणीघराच्या मागे... आणि पाइप झावळ्यांखाली त्या बुटक्या कड्यात उतरत होता. पायाखालची वाळू सरकणे म्हणतात, ते मी वाळूवर उभी राहूनच अनुभवलं. फळी काढली. आत चार हातांवर स्वच्छ पाणी. त्यावर माझ्या दोन लाल मिरच्या तरंगत होत्या.

त्या मी एका झावळीने काढल्या आणि ओढणीत लपवल्या. होय, लपवल्या.

कोया सर मागून आले. म्हणाले, "ये हमारा पुराना कुआँ है मॅडम. बच्चा लोग को पहला पानी इसी का देता है. तूफान में सब का कुआँ खारा हुआ, ये कभी नहीं हुआ." त्यांचा चेहरा उतरला होता. उम्मा कड्यावर हात ठेवून नुसती उभी होती.

मी तिथेच हिशोब मांडला. विहिरीत साधारण तीन हजार लिटर पाणी. आकडा एवढा चढवायला दहा किलोची अख्खी गोणी ओतावी लागली असती. माझ्या मुठीत फार तर अर्धी वाटी. म्हणजे हे माझ्या मिठाने झालेलंच नाही. भरती, ओहोटी, खालून समुद्राचं पाणी वर चढणं... असं होतं, मी कोया सरांना चांगलं समजावून सांगितलं. आमचा पंप तर अजून खोक्यातच होता. माझं विज्ञान बरोबर होतं आणि त्याच्या आड मी मिठाची गोष्ट व्यवस्थित दडवली. मी शिकलेली बाई दृष्ट काढते, हे मी त्या माणसाला काही केल्या सांगणार नव्हते.

तो दिवस रेवा काही प्यायली नाही. पेज, सरबत, कलिंगडाची फोड, सगळ्याला एकच शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ फुटले होते. रडली तर डोळ्यांतून पाणी येईना. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, त्याने घसा, जीभ, कान, पोट सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. ओआरएस दिलं, ते तिने उलटून टाकलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत वाट बघतो, मग सलाइन लावतो, आणि उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरसाठी आत्ताच कळवून ठेवतो. जहाज चार दिवसांनी होतं. निनाद फोनवर पुन्हा पुन्हा हेलिकॉप्टरची वेळ विचारत होता. रावपुऱ्याच्या काकूंनी मात्र मेसेज टाकला होता — सांगितलं होतं ना.

तो मेसेज वाचून मला इतका संताप आला की मी ओसरीवर मोबाइल आपटला. माझी पोर उम्माच्या मांडीवर वाळल्या पानासारखी पडलेली आणि मी माझी इभ्रत सांभाळत बसलेली. मी उठून कोया सरांच्या समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मीठ, मोहऱ्या, मिरच्या, व्हिडिओ कॉल, शोषखड्डा. ओढणीतल्या मिरच्याही दाखवल्या. त्यांनी मान खाली घालून उम्माला सांगितलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील.

उम्मा हसली. बोळकं तोंड उघडून, मनापासून हसली. मग बराच वेळ बोलली. कोया सर अवघडून भाषांतर करत होते.

"उम्मा बोलता है, उस की सास भी नमक-मिर्ची घुमाता था. सब माँ घुमाता है. लेकिन नमक आग को देता है, कुएँ को नहीं देता. कुएँ को नमक दिया तो कुआँ समझता है, ये बच्ची को मीठा पानी नहीं चाहिए." थांबून ते म्हणाले, "मॅडम, ये पुराने लोग का बात है. मैं भी नहीं मानता."

"और ठीक कैसे होता है?" माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा माझाच मला राग आला.

सात घरांचं गोडं पाणी मागून विहिरीला द्यायचं. ज्याच्यावरून मीठ उतरवलं त्याने, स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, मी आणते, चूक माझी आहे. उम्माने मान हलवली. मी म्हटलं, ही पोर उभी राहू शकत नाही, दुपारचे तीन वाजलेत, मी असला प्रकार होऊ देणार नाही. माझा आवाज चढला होता. तेव्हा रेवाच मांडीवरून खाली उतरली. वाळूत खेळायची तिची गुलाबी बादली तिने उचलली आणि म्हणाली, "मी नेते."

दोन पावलं मागे मी, माझ्या शेजारी उम्मा. पहिल्या घरातून एक बाई बाहेर आली, उम्माने काय सांगितलं कोण जाणे, तिने नारळाच्या करवंटीचा डाव भरून बादलीत पाणी ओतलं आणि रेवाच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं घर, तिसरं घर. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. चौथ्या घराशी रेवा मटकन वाळूत बसली. मी धावले तर उम्माने माझं मनगट धरलं. त्या म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी तिला मराठीत वाट्टेल ते बोलले, ती माझ्याकडे बघतही नव्हती. रेवाने बादली दोन्ही हातांनी धरली आणि उठली. मधे एक जण पिण्यासाठी पेला घेऊन आला, तिने मान फिरवली. पाच. सहा.

मग उम्मा वळून घराकडे चालू लागली. अंगणात पोचल्यावर मी कोया सरांना म्हटलं, सहाच झाली.

"उम्मा बोलता है, सातवाँ घर बच्ची का अपना होता है. इस का घर तो यहाँ नहीं है. उम्मा पूछता है, अपने घर का पानी है क्या?"

मी चिडून नाही म्हणणार होते. बडोद्याचं पाणी कुठून आणू इथे? तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी पळत खोलीत गेले, बॅग पलंगावर उलटी केली. टॉवेलात गुंडाळलेली सरबताची बाटली, काळ्या टेपसकट. ती टेप मी दातांनी सोडवली.

रेवाने बहुतेक सगळं पाणी बादलीत ओतलं आणि उम्माने फळी सरकवल्यावर बादली विहिरीत रिकामी केली. बादलीचा तळ वर आला, बुडबुडे आले, एवढंच. ना वारा सुटला ना काही. बाटलीत तळाशी चार घोट राहिले होते. आठवड्याचं शिळं पाणी, एरवी मी झाडालासुद्धा घातलं नसतं. रेवाने बाटली तोंडाला लावली आणि संपवली.

"आजीकडचं आहे," ती म्हणाली. "आणखी दे."

आजीकडचं आणखी नव्हतं. उम्माने शेजारून आणलेल्या कळशीतला पेला पुढे केला. तो तिने घेतला. मग दुसरा, तिसरा. मी तिथेच मातीत बसून रडले आणि कोया सर पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिले. डॉक्टरला निरोप धाडला, त्याने येऊन तपासलं आणि हेलिकॉप्टरचं रद्द केलं.

आता तुम्ही म्हणाल, पोर हट्टाला पेटली होती, चार घरं फिरून लाड झाले, तहान असह्य झाली, प्यायली. अगदी बरोबर. मीही तेच म्हणते. रेवाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण अस्रची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, बांग झाली तेव्हा मी विहिरीत मीटर सोडलं. चारशे पाच. दुसरं मीटर आणलं, नवं, सील न फोडलेलं. चारशे पाच. खालून चढलेलं समुद्राचं पाणी असं दीड दिवसात उतरत नाही, महिने लागतात. सहा डाव आणि बाटलीभर पाण्याने तीन हजार लिटरचा आकडा हलत नाही. हे मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलंय. मीठ टाकल्याचा हिशोब बसत नाही आणि काढल्याचाही बसत नाही.

रात्री आईला फोन केला. बाटलीचं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवेल. ती एवढंच म्हणाली, "शाक काय खाल्लं तिने?"

बाकीचे अडीच आठवडे आम्ही तिथेच राहिलो. हो, राहिलो. काकूंचा मेसेज आला म्हणून मी पोरीला घेऊन पळून आले नाही. प्लांट सुरू करून आले. निघताना उम्माने तीच सरबताची बाटली त्या विहिरीच्या पाण्याने भरून दिली.

बडोद्याला आल्यावर रिपोर्ट लिहायचा होता. त्यात बेटावरच्या सगळ्या विहिरींचे आकडे तारखेनुसार द्यावे लागतात. त्या विहिरीच्या ओळीत मी जे मोजलं ते लिहिलं — चारशे दहा, तीन हजार नऊशे चाळीस, चारशे पाच. साहेबांचा फोन आला.

"बेन, आ वच्चेनो आंकडो काढी नाखो ने. मीटर बगडेलुं हशे."

"मीटर बरोबर होतं, सर. दोन मीटरनी बघितलंय."

"तो कारण शुं लखशो?"

मधला आकडा खोडला की विषय संपला असता. एकदा त्या विहिरीतल्या मिरच्या ओढणीत लपवून मी पोरीचा दीड दिवस घालवलाय. पुन्हा नाही. रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात मी "कारण माहीत नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. रकाना तेवढाच होता, म्हणून उरलेलं इथे लिहिलं. ज्यांना हसायचंय त्यांनी डबा खाताना खुशाल हसावं.

येत्या डिसेंबरात प्लांटच्या देखभालीला परत जायचंय. रेवा येणार आहे. आईने बाटली धुऊन ठेवलीय आणि या वेळी टेप मी स्वतः लावणार आहे.